नाव बदलले, चित्र तेच राहिले

डायनोसॉरच्या आधीच्या प्राणिसृष्टीवर बीबीसीने २००५ साली ‘वॉकिंग विथ मॉन्स्टर्स’ नावाची तीन भागांची मालिका सादर केली. संगणकाच्या साहाय्याने नामशेष प्राणी हालते-चालते करून दाखवणाऱ्या मालिकांपैकी ही एक. या मालिकेत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीच्या जंगलात एक प्रचंड कोळी दाखवला आहे. तो बिळात राहतो, दबा धरतो आणि लहान सरपटणाऱ्या प्राण्यांची शिकार करतो. वर्गात हा तुकडा दाखवला तर एकही मूल जांभई देणार नाही.

अडचण एवढीच की एवढा मोठा कोळी पृथ्वीवर होऊन गेल्याचा पुरावा नाही. ज्या जीवाश्मावरून हा कोळी उभा केला तो जीवाश्म कोळ्याचा नव्हताच. तो हॉर्सशू क्रॅबच्या एका नामशेष नातलगाचा होता. हा उलगडा शास्त्रीय नियतकालिकात २००५ सालीच, मालिका पडद्यावर येण्याआधी छापून आला होता. या प्रकरणात शास्त्रज्ञ काय वागले आणि मालिका काय वागली, याची तुलना आम्हाला शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. म्हणून हे परीक्षण.

फसव्या नावांचे कुटुंब

आधी या कुटुंबाची ओळख करून घेऊ. हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेसारखे पाठकवच असलेला समुद्रप्राणी, आजही जिवंत आहे. जगात त्याच्या चार जाती उरल्या आहेत. त्यांपैकी दोन आपल्या देशात ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर सापडतात. पाठीवर घुमटासारखे कवच आणि मागे भाल्यासारखी ताठ शेपटी, असे त्याचे रूप असते. रक्तात लोहाऐवजी तांबे असल्याने ते निळसर दिसते. नावात खेकडा असला तरी हा खेकडा नव्हे. खऱ्या खेकड्याला शृंगिका, म्हणजे मिशा असतात. याला त्या नाहीत. याच्या तोंडापुढे चिमट्यासारख्या अवयवांची एक जोडी असते. अशी जोडी विंचू, कोळी आणि गोचीड यांनाही असते. म्हणजे संधिपाद प्राण्यांच्या मोठ्या घराण्यात हा खेकड्यापेक्षा विंचवाच्या अधिक जवळचा आहे. ई. रे लँकेस्टर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ सालीच हे ठासून मांडले होते.

याच शाखेत युरिप्टेरिड नावाचे प्राणी होऊन गेले. सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीपासून ते पर्मियन कालखंडाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ते पृथ्वीवर होते. पूर्वी त्यांना हॉर्सशू क्रॅबच्या जोडीने एकाच वर्गात बसवत असत; आज अनेक तज्ज्ञ त्यांना विंचू-कोळ्यांच्या आणखी जवळ मानतात. इंग्रजीत त्यांना समुद्रविंचू म्हणतात, पण ते विंचू नव्हेत आणि त्यांच्यातले कित्येक समुद्रात राहतही नव्हते. गोड्या आणि मचूळ पाण्यातही त्यांची वस्ती होती. एकूण या कुटुंबाला नावे फारशी लाभलेली नाहीत.

पहिल्या ओळखीतही घोटाळा झालाच होता. न्यूयॉर्क राज्यात सापडलेला युरिप्टेरिडचा एक जीवाश्म १८१८ साली सॅम्युएल मिचिल यांनी पाहिला आणि मिशीवाला मासा, म्हणजे आपल्याकडच्या शिंगाड्यासारखा मासा ठरवला. दगडात दिसणारे पुढचे अवयव त्यांना मिशांसारखे वाटले. पुढे १८२५ साली जेम्स डी के यांनी तो संधिपाद असल्याचे ओळखले. त्या दगडात पायांना सांधे होते, आणि माशाला सांध्यांचे पाय नसतात.

१९८० चा कोळी आणि २००५ चा युरिप्टेरिड

आता आपल्या कोळ्याकडे येऊ. अर्जेंटिनाच्या सान लुईस प्रांतात बाहो दे वेलिस या ठिकाणी सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे गाळाचे खडक आहेत. तेथील एका जीवाश्माचे वर्णन मारिओ ह्यूनिकेन यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. पाठकवचाचा आकार, डोळ्यांच्या उंचवट्याची जागा, पुढे आलेला भाग आणि मागचा गोल भाग पाहून त्यांनी तो कोळी ठरवला. पुढे आलेला भाग त्यांना कोळ्याचे जबडे वाटला आणि मागचा गोल भाग पोट वाटला. दगडाच्या आत काय दडले आहे ते पाहण्यासाठी क्ष-किरण चित्रे घेतली. त्या अंधुक चित्रांत विषारी नख्या आणि पायांची मुळे दिसतात असा अर्थ लावला गेला. शरीराची लांबी ३३९ मिलिमीटर, आणि पाय पसरले तर अर्ध्या मीटरचा अंदाज. पृथ्वीवर होऊन गेलेला सर्वांत मोठा कोळी म्हणून त्याला नाव मिळाले ‘मेगॅरॅक्नी’, म्हणजे महाकोळी.

शंका लवकरच सुरू झाल्या. कवचावरची नक्षी कोळ्यांत न आढळणारी होती. पाठकवच दुभागणारी एक शिवण दिसत होती. तथाकथित जबड्याची पुढची कड फावड्यासारखी होती. आणि कोळी म्हणून ओळख पटवणारी खास लक्षणे, उदाहरणार्थ रेशीम सोडणारे अवयव, दगडात टिकलेली नव्हती. पण शंका तपासणार कशी? मूळ जीवाश्म बँकेच्या तिजोरीत होता. अभ्यासकांना हाताळायला मिळत होत्या त्या प्लास्टरच्या प्रतिकृती. तोवर महाकोळ्याच्या प्रतिकृती संग्रहालयांत पोचल्या होत्या आणि पुस्तकांत त्याची चित्रे आली होती.

मूळ जीवाश्म पुन्हा अभ्यासाला उपलब्ध झाला आणि त्याच ठिकाणचा दुसरा नमुनाही हाती आला, तेव्हा निकाल लागला. पॉल सेल्डन, होसे कोरोंका आणि मारिओ ह्यूनिकेन यांनी २००५ साली लिहिले की हा कोळी नव्हे. हा एक चमत्कारिक घडणीचा युरिप्टेरिड आहे. त्याचे जवळचे भाऊबंद स्कॉटलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या कार्बनी कालखंडातल्या खडकांत सापडलेले आहेत. तिसरे नाव वाचकांनी पुन्हा वाचावे. ज्या माणसाने १९८० साली महाकोळी जगापुढे ठेवला, त्यानेच पंचवीस वर्षांनी तो मागे घेणाऱ्या निबंधावर सही केली.

या दुरुस्तीने तो प्राणी लहान झाला असे आम्हाला वाटत नाही. उलट तो अधिक विचार करायला लावणारा झाला. तो गोड्या पाण्यात राहत होता. पायांवरच्या पात्यांसारख्या भागांनी नदीच्या तळाचा मऊ गाळ उकरून त्यातले बारीक जीव तो खात असावा. बिळात दबा धरून बसणारा शिकारी आणि गाळ चाळणारा नदीवासी, या दोन चित्रांत अंतर केवढे आहे ते पाहा. आणि दोन्ही चित्रे एकाच दगडावरून निघाली.

मालिकेने काय केले

मालिकेचे गुण आधी सांगितले पाहिजेत. डायनोसॉर म्हणजेच प्राचीन सृष्टी, अशी समजूत सर्वत्र आहे. त्याआधीच्या पंचवीस-तीस कोटी वर्षांकडे सामान्य प्रेक्षकाला वळवणे हे मोठे काम या मालिकेने केले. खऱ्या युरिप्टेरिडांपैकी टेरिगोटस हा शिकारीही तिच्यात आहे. प्राण्यांच्या हालचालींवर मेहनत दिसते.

पण महाकोळ्याची ओळख उलगडली तेव्हा त्याचे चित्रण बरेच पुढे गेले होते. ते रद्द करणे अवघड होते, म्हणून निर्मात्यांनी वेगळी वाट धरली. कोळी तसाच ठेवला आणि नाव बदलले. आता तो ‘मेसोथेली’ गटातला, जातीचे नाव नसलेला कोळी झाला. मेसोथेली हा कोळ्यांचा खरा गट आहे. त्याचे काही वंशज आजही पूर्व आणि आग्नेय आशियात आहेत. पण त्यांचे शरीर काही सेंटिमीटरचे असते आणि पोटावर खंडांचे पट्टे असतात. पडद्यावरचा प्राणी या वर्णनात बसत नाही. जीवाश्मरूपात सापडलेल्या सर्वांत मोठ्या कोळ्यांत ज्याची गणना होते तो चीनमधला जुरासिक कालखंडातला कोळी पाय पसरून सुमारे १५ सेंटिमीटरचा भरतो. तेव्हा पडद्यावरच्या आकाराला दगडाचा आधार उरला नाही.

येथे विज्ञानाची रीत आणि मालिकेची रीत शेजारी ठेवून पाहावी. प्राण्यांना शास्त्रीय नाव देण्याचा नियम असा आहे की आधी दिलेले नाव, अर्थाने चुकीचे ठरले तरी, सहसा बदलत नाही. म्हणून त्या युरिप्टेरिडचे नाव आजही ‘महाकोळी’च आहे. विज्ञानात नाव राहिले आणि चित्र बदलले. मालिकेत नाव बदलले आणि चित्र राहिले. नाव ही केवळ खूणचिठ्ठी आहे; ती जुनी राहिली तरी बिघडत नाही. चित्र हे विधान आहे. पुरावा गेल्यावर विधान तसेच ठेवून खूणचिठ्ठी बदलणे ही आमच्या मते मालिकेची खरी चूक आहे. ह्यूनिकेन यांची १९८० ची चूक यापेक्षा फार वेगळ्या जातीची होती. हाती होता तो पुरावा घेऊन त्यांनी अंदाज बांधला आणि तो तपासण्याजोग्या रूपात छापला. म्हणूनच तो खोडता आला.

यावर कोणी म्हणेल की ही करमणूक आहे, पाठ्यपुस्तक नव्हे. शिवाय तयार झालेले काम फेकून द्यायला पैसा लागतो. पैशाची अडचण आम्हाला मान्य आहे. पण निवेदनात दोन वाक्ये घालायला कितीसा खर्च आला असता? “हा प्राणी आम्ही एका जीवाश्मावरून उभा केला. तो जीवाश्म दुसऱ्याच प्राण्याचा निघाला.” एवढे सांगितले असते तर तो तुकडा मालिकेतला सर्वांत चांगला तुकडा झाला असता. करमणुकीचा मुद्दाही पुरेसा नाही. या मालिकेने आपली भाषा निसर्गपटाची ठेवली आहे. वाघाच्या माहितीपटात निवेदक ज्या ठामपणे बोलतो त्याच ठामपणे येथेही बोलतो. वाघासमोर कॅमेरा होता; येथे नव्हता. हा फरक प्रेक्षकाला कळेल अशी कोणतीही खूण पडद्यावर नाही.

अशी खूण ठेवणे शक्य असते, याचे उदाहरण याच कुटुंबात आहे. जर्मनीत सापडलेल्या येकेलॉप्टेरस या युरिप्टेरिडच्या नखीचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध झाले. नखी ४६ सेंटिमीटर लांब आहे. तिच्यावरून, इतर जातींतले नखी आणि शरीर यांचे प्रमाण घेऊन, प्राण्याची लांबी सुमारे अडीच मीटर काढली गेली. म्हणजे ४६ सेंटिमीटर हे मोजमाप आणि अडीच मीटर हे त्रैराशिक. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत. फक्त त्यांची जात वेगळी आहे हे निबंधात स्पष्ट लिहिलेले आहे आणि ते वर्गातही सांगता येते.

नांदेड-लातूरला हा प्रश्न जास्त टोचतो

इंग्लंड-जर्मनीतल्या शिक्षकाला युरिप्टेरिड दाखवायचा तर संग्रहालय गाठता येते. मराठवाड्यात पायाखालचा दगडच वेगळा आहे. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टचा आहे. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेवटचा युरिप्टेरिड नाहीसा झाल्यावर अठरा-एकोणीस कोटी वर्षांनी पसरलेला. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात ग्रॅनाइट उघडा दिसतो. तो युरिप्टेरिडांच्या कितीतरी आधीचा आणि वितळलेल्या खडकापासून बनलेला.

मधल्या काळाचे काय? याचे उत्तर किल्लारीला खोदलेल्या बोअरने दिले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट लागला. त्याखाली फक्त ८ मीटर जाडीचा गाळाचा थर. आणि त्याखाली लगेच सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा पायाभूत खडक. ज्या काळात युरिप्टेरिड जन्मले, वाढले आणि संपले, त्या काळाचे पान लातूरच्या या वहीत नाही. त्या सुमाराचे महाराष्ट्रातले खडक पाहायचे तर चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात जावे लागते. तेथे पर्मियन काळातल्या ग्लॉसॉप्टेरिस वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात.

तेव्हा एखाद्या विद्यार्थिनीने विचारले की “सर, महाकोळी आपल्याकडे पण होता का?”, तर प्रामाणिक उत्तर असे: त्या काळी भारत आणि दक्षिण अमेरिका गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते, एवढे माहीत आहे. तो इथल्या नद्यांत होता असे म्हणायला इथे दगड नाही, आणि नव्हता असे म्हणायलाही नाही. आपल्या मुलांपुढे दगड येत नाही, फक्त चित्र येते. चित्र हाच ज्यांचा एकमेव साक्षीदार आहे, त्यांच्यासाठी तो साक्षीदार काय पाहिले आणि काय ऐकले हे वेगवेगळे सांगणारा हवा.

हा केवळ कोळ्याचा प्रश्न नाही, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. दख्खनचे पठार प्राचीन आणि स्थिर, येथे मोठा भूकंप होत नाही, असे आपण शिकलो आणि शिकवले. भूकंपाच्या धोक्याच्या १९८४ च्या नकाशात किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच काढून टाकला गेला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात आली. जुना नकाशा खोटेपणाने काढलेला नव्हता. हाती असलेल्या नोंदींवरून बांधलेला तो अंदाज होता. पण तो आपल्यापर्यंत पोचला तेव्हा अंदाजाची खूण गळून पडली होती आणि उरली होती ठाम रेघ. नकाशा बदलला हे चांगलेच झाले. महाकोळ्याच्या मालिकेप्रमाणे नकाशा तसाच ठेवून केवळ मथळा बदलला असता तर काय झाले असते, याचा विचार करावा.

सलग रेघ आणि ठिपक्यांची रेघ

मग ही मालिका वर्गात दाखवूच नये काय? आम्ही तसे म्हणणार नाही. जरूर दाखवावी, पण कोळी आला की थांबवावी आणि एक प्रश्न विचारावा: यातले दगडात काय होते? केस? रंग? बीळ? शिकार? मुले पटापट उत्तरे देतील आणि हळूहळू यादी आटत जाईल.

त्यानंतर एक प्रयोग करता येईल. गोदावरी किंवा मांजरेच्या काठावर खेकड्याची रिकामी कवचे मिळतात. शाळेच्या कोपऱ्यातल्या जाळ्यात कोळ्याने टाकलेली कात सापडते, घरात झुरळाची सापडते. युरिप्टेरिडांचे पुष्कळसे जीवाश्म अशा टाकलेल्या कातीचेच आहेत, म्हणून हे साहित्य अगदी योग्य आहे. ठशासाठी कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी. शेतातली काळी माती वाळताना भेगाळते आणि ठसा तुटतो. खेकड्याचे कवच सर्वांत सोयीचे. एका गटाने त्याचा फक्त अर्धा भाग मातीत दाबावा आणि वस्तू लपवावी. दुसऱ्या गटाने ठसा पाहून पूर्ण प्राणी काढावा. अट एकच: ठशात दिसते ते सलग रेघेने, अंदाजाचे ते ठिपक्यांच्या रेघेने. प्रत्येक ठिपक्यांच्या रेघेशेजारी कारण लिहावे.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या भागाचा ठसा द्यावा. हा आपला दुसरा नमुना. आता नवे चित्र काढायचे, पण पहिले खोडायचे नाही. दोन्हींवर तारीख घालून ती शेजारी-शेजारी वहीत ठेवायची. ज्याचे पहिले चित्र सर्वांत जास्त चुकले आणि ज्याने ते का चुकले हे नीट लिहिले, त्याला आम्ही पूर्ण गुण देऊ. दहावीच्या विज्ञानात उत्क्रांतीचा पुरावा म्हणून जीवाश्म येतात. ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ या दोन तासांत मुलांच्या हाताला कळेल.

मालिकेविषयी आमचे मत थोडक्यात असे: पाहण्यासारखी आहे, पण एकटीने पाहू देण्यासारखी नाही. तिच्या प्रत्येक प्राण्याभोवती ठिपक्यांची रेघ हवी होती. ती निर्मात्यांनी काढली नाही, तेव्हा ते काम शिक्षकाकडे येते. त्याला खडू पुरेसा आहे.